वायर उपटणाऱ्या आत्या

चालू मशीनची वायर उपटायची आत्यांना भारी हौस. बंद पडलेल्या नाही, बिघडलेल्या नाही, चांगल्या धडधडत चालणाऱ्या आणि कोणाचं तरी काम डोक्यावर घेतलेल्या मशीनची. आम्ही चार-पाच जण माना खाली घालून काम करतोय, आत्या चहाचा कप हातात घेऊन रॅकमागून चक्कर मारताहेत, आणि एकदम खट्! एक दिवा विझलेला. दचकून वर बघावं तर बाई वायर हातात धरून उभ्या, चेहऱ्यावर काहीच नाही. म्हणायच्या, "पडलं एक. आता पाहू, बाकीचे काय करते."

मी दिग्रसहून आर्णीला त्यांच्याकडे पहिल्यांदा आले त्याच दिवशी हे घडलं. मला वाटलं, बाई बयाडी आहे, डोकं फिरलेली. इंजिनीअरिंग करून, पुण्याला जायचं सोडून मी कुठे येऊन पडले! माझा स्वभाव आधीच तापट, घरी मला फटाकडी म्हणतात. मी तिथल्या तिथे विचारलं, "आत्या, हे काय करून राह्यल्या तुम्ही? कोणाचं काम असंन ना त्याच्यावर!" त्या माझ्याकडे न बघता स्क्रीनकडे बघत होत्या. त्या मशीनवरचं काम हळूहळू शेजारच्या दोघांवर सरकलं, लाल झालेले ठिपके परत हिरवे झाले. तेव्हा कुठे बोलल्या, "काम गेलं काय वो? नाई ना? मग बस."

त्या आत्या कोणाच्या, तर खालच्या कृषी केंद्रवाल्या भाऊंच्या पोरांच्या. खाली भावाचं खता-बियाण्याचं दुकान आणि वर आमची खोली. पोरं आत्या म्हणत, म्हणून गिऱ्हाइकं म्हणू लागली, मग आम्हीही. यवतमाळला एका कॉलेजात त्या कॉम्प्युटर शिकवायच्या. ते सोडलं आणि भावाच्या माडीवर येऊन बसल्या. लग्नाचं कोणी विचारलं तर "राहून गेलं" एवढंच सांगायच्या, जसं कोणी गॅसवर दूध राहून गेलं म्हणावं. जिन्यात कायम कीटकनाशकाचा वास. आमच्या कपड्यांना, डब्याला, अगदी कीबोर्डलाही तो असायचा. कॉलेजातून भंगारात निघालेले कॉम्प्युटर आत्यांनी औषधाच्या डब्यांच्या लोखंडी रॅकवर रांगेनं मांडले होते, आणि प्रत्येकाला बैलाचं नाव. ढवळ्या, पवळ्या, चांद्या, मोऱ्या. पोळ्याच्या दिवशी त्यांना गेरूचे ठिपके लावायचे, आणि त्या दिवशी कोणीही वायरीला हात लावायचा नाही.

आम्ही काय करत होतो ते सांगते. दवाखान्यातली पेशंटची माहिती, कॉलेजचे निकाल, वाचनालयातली पुस्तकं, हे सगळं आजकाल कुठल्या तरी खोलीत रांगेनं लावलेल्या सर्व्हरवर असतं. लोक त्याला क्लाउड म्हणतात. आत्यांना त्या शब्दाचं हसू यायचं. "ढग म्हणतेत अन् ठेवते खोलीत. ढगाले कधी कूलर लागते काय?" तर अशा खोलीभर सर्व्हरांची राखण करणारं सॉफ्टवेअर त्यांनी लिहायला घेतलं होतं, नाव ठेवलं होतं 'जागल'. शेतात पीक उभं असलं की रानडुकरांसाठी माणूस मचाणावर जाऊन बसतो, ती जागल. हे सॉफ्टवेअर सगळ्या मशीनवर डोळा ठेवायचं, एखादं बसलं की त्याच्या मानेवरचं जू काढून दुसऱ्याच्या मानेवर द्यायचं. ज्यांना मोठ्या कंपन्यांच्या दारात जाणं परवडत नाही, असे छोटे दवाखाने आणि शाळा-कॉलेजं ते वापरत.

आणि ते सगळं ओपन सोर्स. म्हणजे कोड उघडा, कोणीही न्या, वाचा, वापरा, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवा. माझ्या बाबांच्या हे काही केल्या पचनी पडेना. ते एकदा आर्णीला आले आणि आत्यांना म्हणाले, "बाई, तुम्ही मेहनत करता आन् असंच वाटून टाकता? कायले?" आत्यांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, "भाऊ, शेजारीण वाटी घेऊन विरजण मागाले येते. देल्ल्यानं आपलं दही कमी होते काय? अन् आपलं एखाद दिवशी नासलं, तर तिच्याच घरून आणता येते." बाबांनी पाणी संपवलं. घरी जाऊन आईला म्हणाले, "बाई हुशार हाये, पण आपल्या पोरीले दही लावाले शिकवून राह्यली." आजही बाबांना माझं काम विचारलं तर ते दह्याचंच सांगतात.

बाजाराच्या दिवशी खालच्या दुकानात गर्दी असायची आणि कोणी ना कोणी चुकून वर यायचं. दुसऱ्या कोणी त्यांना खाली पाठवलं असतं. आत्या म्हणायच्या, "या, बसा. चहा घ्या. अन् जातानी एक वायर उपटा." त्यांचं म्हणणं असं, की आपण उपटली तर आपल्याला सोयीची तीच उपटतो, हात आपोआप तिकडेच जातो. ज्याला काहीच ठाऊक नाही त्यानं उपटावी. एकदा लोणबेहळकडचे एक म्हातारे शेतकरी वर आले. बराच वेळ रॅककडे बघत राहिले. "करंट तं नाई ना बसन बाई?" "नाई बसत बाप्पा, उपटा बिनधास्त." बाबाजींनी पागोटं सावरलं, डोळे मिटले आणि नेमकी कूलरची वायर उपटली. एप्रिलचं ऊन! आम्ही सगळे एका आवाजात ओरडलो. आत्या इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. "पाहा," म्हणाल्या, "ह्याच्यासाठी आपून काहीच लिहून ठेवलं नाई."

लाईन, म्हणजे वीज, जाण्याचा त्यांना अभिमान होता म्हटलं तरी चालेल. आमच्याकडे लाईन कधी जाईल याचा नेम नाही. वारा सुटला गेली, आभाळ आलं गेली, काही नसताना गेली. बॅटरी थोडा वेळ टिकायची, मग एकेक बैल बसायचा. आम्ही कपाळाला हात लावायचो, आणि आत्या खिडकीत उभ्या राहून हात वर करायच्या, "घ्या! फुकटची परीक्षा आली." पुण्या-बंगलोरच्या लोकांना मोठमोठ्या खोल्यांत जे मुद्दाम घडवून बघावं लागतं, ते आपल्याला सरकार घरपोच देतं, असं त्यांचं मत. "आपलं सॉफ्टवेअर पडून पडून शहाणं झालं," हे वाक्य त्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवायच्या. खोटंही नव्हतं ते.

पण त्यांची खरी काळजी वेगळीच होती, आणि ती त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितली होती. "पूनम, असे लय सॉफ्टवेअर मी पाह्यले. एक माणूस जीव लावते, त्याच्या भरवशावर दहा गावं चालते, अन् तो माणूस आजारी पडला का सगळं बसते. जागलचं तसं होऊ द्याचं नाई. मी नसली तरी ते चाललं पाह्यजे. एवढं झालं का मी जिंकली." त्यासाठी त्यांनी एक पद्धतच काढली होती. मधूनच एखाद्या दिवशी सकाळी निरोप यायचा, "आज मी बंद." फोन बंद, घरी नाहीत, भाऊंना विचारलं तर तेही हात झटकायचे. तो दिवस आम्ही त्यांच्याशिवाय काढायचा. काय अडलं ते त्या दुसऱ्या दिवशी विचारायच्या आणि अडलं नसलं की एवढ्या खूश व्हायच्या, की खालून सगळ्यांसाठी आलूबोंडे यायचे.

आता यात एक गोम होती. जागलमध्ये कोणीही बदल सुचवो, आम्ही असो की परदेशातला कोणी, त्यावर शेवटची मोहर फक्त आत्यांची. तो हक्क त्यांनी कोणालाच दिला नव्हता. आम्ही त्याला किल्ली म्हणायचो. प्रत्येक ओळ त्या स्वतः वाचायच्या. शेवटच्या वर्षात तर त्यांनी स्क्रीनवरची अक्षरं एवढी मोठी केली होती, की एका वेळी जेमतेम पाच-सात ओळी मावायच्या. आमचे बदल मंजुरीविना तुंबून राहू लागले. मी चिडायची. राठोडला, म्हणजे माझ्या शेजारी बसणाऱ्या प्रफुल राठोडला म्हणायची, "ह्यांचा आपल्यावर विश्वासच नाई." राठोड तांड्यावरचा, दिग्रसजवळचा, स्वभावानं माझ्या अगदी उलटा. त्याच्या घराला आग लागली तरी आधी चप्पल घालेल. तो म्हणायचा, "वाचून राह्यल्या ना. वाचू दे."

एका बाजाराच्या दिवशी सकाळी दोन निरोप एकदमच आले. आत्यांचा, "आज मी बंद." आणि दुसरा, दूरच्या एका थंड देशातल्या छोट्या दवाखान्यांकडून, तिथले सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईचा. त्यांच्याकडे सगळी मशीनं सुस्त होत चालली होती, एक बसलं होतं, आणि जागल त्याचं काम दुसऱ्यावर द्यायलाच तयार नव्हती. राखणदारच झोपला होता. पेशंटची माहिती उघडायला डॉक्टरांना ताटकळत बसावं लागत होतं. बाई सभ्य होती, पण तिच्या सभ्यपणातूनही घाम दिसत होता.

आम्ही ढवळ्यावर पाहिलं, पवळ्यावर पाहिलं. सगळं ठणठणीत. तोच कोड, तीच मांडणी, आमच्याकडे काहीच होत नव्हतं. दुपार झाली. मी तोवर दोनदा भांडून बसले होते, एकदा राठोडशी आणि एकदा प्रिंटरशी. इतक्यात लाईन गेली आणि आली, आणि राठोड खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पूनम, त्यांच्या इकडं लाईन जातच नसन तं?"

मी हसले. मग हसू थांबलं. आम्ही त्या बाईला विचारलं, तुमच्याकडे शेवटची लाईन कधी गेली होती? तिचं उत्तर आलं, की तिला आठवत नाही, आणि प्रश्न समजला नाही. आम्हाला मात्र सगळं समजलं. जागल जे जे बघायची ते मनात साठवत राहायची आणि पुसायची कधीच नाही. आर्णीत ते कोणाच्या लक्षात येणार? इथे दर दोन दिवसांनी लाईन जाऊन तिचं मन आपोआप रिकामं व्हायचं. पडून पडून शहाणं झालेलं आमचं सॉफ्टवेअर सलग उभं राहायला शिकलंच नव्हतं. ज्या गोष्टीचा आत्या पाहुण्यांपुढे तोरा मिरवायच्या, तिनंच आमची चूक पोटात लपवून ठेवली होती. आता रडावं की हसावं!

दुरुस्ती मोठी नव्हती. राठोडनं लिहिली, मी तपासली, चार वेळा चालवून बघितली. आणि मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. किल्ली आत्यांकडे, आणि आत्या बंद. दवाखान्याचा नियम असा, की मोहर नसलेलं काहीही मशीनवर चढवायचं नाही, आणि तो नियम चूक नव्हता. शेवटी मी त्या बाईला लिहिलं, की तोवर एकेका मशीनची वायर उपटा, थोडं थांबा, परत लावा. ती म्हणाली, ही थट्टा आहे का? मी लिहिलं, "नाही, आमच्याकडे असंच करतात." तिनं बिचारीनं एक माणूस वायरी उपटायला बसवला, आणि खरंच मशीनं एकेक करून जागी होत गेली. पण असा माणूस किती काळ बसवणार! तिच्यासारखे आणखी कितीतरी जण जागल वापरत होते, त्यांना तर अजून पत्ताही नव्हता. मी आत्यांना फोन लावत होते, आणि फोन बंद तो बंद.

दिवस मावळायच्या आधी यवतमाळच्या गाडीतून आत्या उतरल्या आणि जिना चढून वर आल्या. डोळ्यांना काळा चष्मा. मी काही पाहिलं नाही, विचारलं नाही, सुटले. "तुम्ही साऱ्याईच्या वायरी उपटता आत्या. तुमची कोण उपटणार? आम्ही दुपारपासून हात बांधून बसलो. दुरुस्ती तयार हाये, अन् लावता येत नाई, काहून का किल्ली एकट्या तुमच्यापाशी! आजारी माणसाच्या भरवशावर दहा गावं नको म्हणता, अन् तो माणूस तुम्हीच हा!" खाली दुकानातली माणसं वर बघू लागली. राठोड माझी ओढणी ओढत होता.

आत्या भिंतीला हात लावत लावत खुर्चीपर्यंत आल्या आणि बसल्या. मग म्हणाल्या, "बरोबर हाये." आणि चष्मा काढला. "नागपूरले गेलती. डोळ्याच्या डॉक्टरकडं. काचबिंदू हाये मले, मागच्या साली समजलं. जेवढं दिसते तेवढं टिकवू म्हणते डॉक्टर. गेलं ते काही वापस येत नाई." त्या पुढे म्हणाल्या, "किल्ली देऊ देऊ म्हणत राह्यली मी. मग वाटे, किल्ली देल्ली तं मले वाचाले कोण देईन? वाचणं होतं तवरक मी होती ना वो अथी." त्या 'आज मी बंद'च्या दिवसांपैकी सगळे नाही, पण बरेचसे दिवस बाई डॉक्टरकडे गेलेल्या होत्या. माझा राग कुठल्या कुठे गेला. मला रडू फुटलं आणि त्या उलट मलाच म्हणाल्या, "रडू नको, दवाखानेवाले थांबून हायेत. वाच."

मी ती दुरुस्ती ओळीओळीनं मोठ्यानं वाचली. कोड असा वाचून दाखवायचा नसतो, त्यात कंसच कंस असतात. पण मी वाचला आणि त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. एका जागी थांबवून राठोडला विचारलं, "हे असं काहून?" राठोडनं सांगितलं. "बरं," म्हणाल्या आणि मोहर लावली. थोड्याच वेळात त्या थंड देशातून उत्तर आलं, की उपटणाऱ्या माणसाला घरी पाठवलं आहे. त्याच संध्याकाळी आत्यांनी मला आणि राठोडला किल्ल्या दिल्या. नुसत्या दिल्या, एक शब्द जास्त नाही. आणि भिंतीवरच्या कामांच्या फळ्यावर राठोडकडून लिहवून घेतलं, की एका बैलाला महिनोन् महिने अजिबात पडू द्यायचं नाही. मोऱ्याला त्यासाठी वेगळी मोठी बॅटरी लावली. तो अजून उभा आहे.

आता आत्या घाटंजीला धाकट्या बहिणीकडे असतात. डोळे जेवढे राहिले तेवढे राहिले आहेत, डॉक्टरनं सांगितलं तसं. तुरीच्या शेंगा सोलतात, बहिणीच्या नातवंडांवर ओरडतात. माझा फोन गेला की आधी विचारतात, "मोऱ्या कसा हाये?" आमच्या माडीवर आता जास्त जण आहेत, आर्णीतलेच दोघं, आणि लांबून कोड पाठवणारे तर मोजायलाही कठीण इतके. बाजाराच्या दिवशी कोणी चुकून वर आलं की मी त्याला चहा देते, वायर उपटायला सांगते. कूलरची सोडून. राठोड म्हणतो की ते सांगणं आत्यांच्या नियमात बसत नाही. मी म्हणते, आर्णीच्या उन्हात नियम गेला चुलीत.

पण त्या घाटंजीला जाण्याच्या आदल्या दिवशीचं सांगायचं राहिलं. त्यांच्या नावावरची किल्ली अजून चालूच होती. आम्ही ती काढली नव्हती, काढायचा विचारही कोणाच्या मनात आला नव्हता. आत्या वर आल्या, रॅकवरून हात फिरवत ढवळ्यापासून मोऱ्यापर्यंत गेल्या, माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "पूनम, आता माह्यी वायर उपट."

मी नाही म्हटलं. म्हटलं, राहू द्या ना आत्या, नाव राहिलं तर काय बिघडते? भांडायला तर मी तयारच असते. राठोडकडे पाहिलं, तो चष्मा पुसत बसला. आत्यांनी माझा हात धरला. "चालू मशीनचीच उपटा लागते वो. बंद पडल्यावर तं कोणीबी उपटते. मी आता अथी बसून हावो, बोलून राह्यली, हसून राह्यली. आताच उपट. मले कळू दे."

मी त्यांचं नाव शोधलं. किल्लीधारकांच्या नावांत सगळ्यात वर होतं, पहिल्या दिवसापासून. स्क्रीननं विचारलं, नक्की काढायचं का? मला अक्षरं धूसर दिसत होती. मी हो केलं.

पंखे फिरत होते. खाली कोणीतरी युरियाचं पोतं आपटलं. रॅकवरचे दिवे आत्यांना आता दिसत नव्हते, म्हणून त्यांनी मान माझ्याकडे वळवली आणि कान देऊन विचारलं, "काय झालं?"

मी सगळ्या रांगेवरून नजर फिरवली. ढवळ्या, पवळ्या, चांद्या, मोऱ्या. सगळे हिरवे.

"काहीच नाही झालं, आत्या."

त्यांनी माझा हात घट्ट दाबला, आणि मग जिन्याकडे तोंड करून भावाला हाक मारली, "ऐक रे, वरते साऱ्याईसाठी आलूबोंडे पाठव!"